बँकॉकच्या बाजारात पहिल्यांदा जाताय? भाव करण्याआधी हे वाचून घ्या

दिवाळी संपली की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. "आम्ही बँकॉकला चाललोय, खरेदी कुठे करायची? निम्म्यावर भाव सांगायचा का?" नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं बँकॉकमध्ये राहिले. त्या काळात नात्यातली, ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची इतकी माणसं बाजारात फिरवली की शेवटी शेवटी विक्रेत्या मला गाइड समजायला लागल्या होत्या. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुळशीबागेत किंवा दादरला कमावलेलं घासाघिशीचं कसब इथे चालत नाही. निम्म्यापासून सुरुवात करणं, मालाला नावं ठेवणं, तोंड वाकडं करून चार पावलं पुढे जाणं, हे सगळं मी पहिल्या महिन्यात करून बघितलंय. इथे भाव पडतो तो नगांवर. एक घेतलात तर एक भाव, तीन घेतलेत तर दुसरा, डझन घेतलेत तर तिसरा.

१. कुठला बाजार कशासाठी, ते आधी ठरवा

बँकॉकचा बाजार असा एक नाही. चुकीच्या ठिकाणी चुकीची वस्तू शोधत अर्धा दिवस उन्हात घालवणारे पुष्कळ बघितलेत.

चतुचक हा शनिवार-रविवारचा बाजार. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, पण बरेचसे गाळे दहाच्या आधी उघडत नाहीत. पंधरा हजारांवर गाळे, 27 विभाग. पूर्वी हा राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा, 1982 मध्ये इथे आला. नावात आपले चतु आणि चक्र आहेत. बारा वर्षांचं एक चक्र धरून राजे भूमिबोल यांची चार चक्रं, म्हणजे 48 वर्षं पूर्ण झाली, त्यावरून शेजारच्या बागेला हे नाव मिळालं. आपण त्याला चार तपं म्हणू. घरसजावटीच्या वस्तू, चिनी मातीची भांडी, हाताने केलेले दागिने, हत्तीच्या नक्षीच्या सैल पँटी, तरुण डिझायनरांचे कपडे हे सगळं इथे. भूमिगत रेल्वेने कामफेंग फेत स्टेशनवर उतरा आणि 2 नंबरच्या दाराने बाहेर या, थेट बाजारातच येता. मो चित स्टेशनवरून चालत यावं लागतं. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं असं आधीच ठरवून ठेवा. आणि एखादी वस्तू आवडली तर तिथल्या तिथे घ्या. "फिरून येऊ, मग घेऊ" म्हणालात की तो गाळा परत सापडत नाही. अगदीच थांबायचं असेल तर विभाग आणि गल्ली लिहिलेल्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

प्रातुनाम म्हणजे घाऊक कपड्यांचा भाग. रस्त्यावरचे गाळे आणि समोर प्लॅटिनम नावाची वातानुकूलित इमारत. आपल्याकडच्या बुटीकवाल्या माल भरायला इथेच येतात. त्यामुळे आपला चेहरा दिसला की "सस्ता, सस्ता" अशी हाक येते. हाकेवर जाऊ नका, पाटीवर जा. सेन सेप कालव्यातल्या होडीने आलात तर रस्त्यावरची कोंडी टळते.

साम्पेंग ही चायनाटाऊनमधली गल्ली, कागदोपत्री नाव सोई वानित 1. दोन माणसं शेजारून चालली तर तिसऱ्याने अंग चोरून उभं राहावं इतकी अरुंद. त्यातूनच मालाच्या हातगाड्या आणि दुचाक्या जातात. बटणं, लेसा, मणी, पिशव्या, स्टेशनरी, केसांचे चाप, खेळणी, सगळं ढिगाने. वाढदिवसाच्या परतभेटी, हळदीकुंकवाची वाणं घ्यायची असतील तर डोळे झाकून इथे या. स्टेशन वात मंगकोन.

साम्पेंगच्या पश्चिमेच्या टोकाला पाहुरात. कापडाची दुकानं, मोठा गुरुद्वारा, आणि हिंदी-पंजाबी बोलणारे दुकानदार. इथे मात्र आपल्या पद्धतीची घासाघीस थोडीफार चालते, कारण समोरचाही त्यातच मुरलेला असतो. चहा मिळतो, तो खरा फायदा.

फुलांचा पाक ख्लोंग तलात खरेदीचा नव्हे, पण रात्री जरूर जा. झेंडूचे डोंगर आणि मोगऱ्यासारख्या कळ्यांचे बारीक गुंफलेले हार बघून आमच्या आईला दादरच्या फूलबाजाराची आठवण आली होती.

दामनोन सादुआकचा तरंगता बाजार शहराबाहेर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. फोटोसाठी जा. तिथे होडीतून विकतात तीच टोपी साम्पेंगमध्ये निम्म्याहून कमी भावात मिळते.

२. सोबत काय घ्याल

- पासपोर्टची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो. पैसे बदलायला मूळ पासपोर्ट लागतो, त्या दिवशी तो घ्या, एरवी हॉटेलच्या तिजोरीत ठेवा.
- 20, 50 आणि 100 बाहतच्या सुट्ट्या नोटा. सकाळी सकाळी हजाराची नोट पुढे केलीत की विक्रेती शेजारणीकडे सुट्टे मागत फिरते आणि भाव करायची तुमची हिंमत तिथेच संपते.
- शिवणकामाची मापपट्टी. का ते पुढे सांगते.
- घडी करून ठेवता येणारी मोठी कापडी पिशवी, पाण्याची बाटली, टोपी. मे ते ऑक्टोबर असेल तर छत्री.
- टिश्यू पेपर आणि थोडी नाणी. बाजारातल्या स्वच्छतागृहात काही ठिकाणी पाचेक बाहत घेतात.
- स्लीव्हलेस बनियनसारखं काहीतरी आत आणि वर सहज काढता येईल असा शर्ट. बहुतेक ठिकाणी ट्रायल रूम नसते.

३. पैसे कुठे बदलाल

विमानतळावर सामान घेतल्यावर समोर दिसणाऱ्या काउंटरवर सगळे पैसे बदलू नका. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ, बदलून देणाऱ्यांची रांग आहे, तिथे दर बरा मिळतो. शहरात प्रातुनाम आणि राजदामरी भागात सुपररिचच्या शाखा आहेत. भारतीय रुपये तिथे घेतात, पण डॉलरच्या मानाने आपण त्यात थोडे बुडतोच. डॉलर नेणार असाल तर शंभराच्या, न चुरगळलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्या. लहान नोटांना दर कमी मिळतो. आणि देशाबाहेर जाताना भारतीय चलन 25 हजारांपर्यंतच नेता येतं, हे विसरू नका.

एटीएममधून आपल्या कार्डावर पैसे काढले तर दर वेळी दोनशेहून जास्त बाहत शुल्क कापलं जातं. काढायचेच असतील तर एकदाच काढा. आणि मशीन "रुपयांत हिशेब करू का" असं विचारतं, तेव्हा नको म्हणा. त्या हिशेबात दर त्यांचा असतो.

गाळ्यागाळ्यावर क्यूआर चिकटवलेला दिसेल. तो तिथल्या बँकांच्या प्रॉम्प्टपेचा. आपल्या यूपीआयच्या भरवशावर बाजारात जाऊ नका, रोख ठेवा.

बाहत म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. मनातल्या मनात तिनाने गुणा. हिशेब सोपा पडतो आणि खर्चही थोडा आटोक्यात राहतो.

४. हाक कशी मारायची

हे पैशांपेक्षा महत्त्वाचं. गाळ्यासमोर उभं राहिल्यावर आधी हसा आणि "सवातदी" म्हणा. शब्द आपल्या "स्वस्ति"वरून आलेला आहे, जिभेला जड जात नाही. पुरुषांनी शेवटी "ख्रप" लावायचं, बायकांनी "खा". ते न लावता बोललेलं वाक्य कानाला "ए, किती?" सारखं लागतं.

वयाने मोठ्या विक्रेत्याला किंवा विक्रेतीला "पी" म्हणतात, लहान असेल तर "नोंग". आपलं ताई-दादा आणि बाळ. अंदाज आला नाही तर सरळ "पी" म्हणा. मान दिलेला कुणाला नकोसा होत नाही.

एवढे शब्द पाठ असले की काम भागतं:

- थाव राय? (कितीला?)
- लोत दाय माय? (कमी होईल का?)
- फॅंग (महाग. हसूनच म्हणायचं)
- माय आव (नको)
- खोप खुन (धन्यवाद)

पुढची बोलणी कॅल्क्युलेटरवर होतात. ती आकडा टाकते, तुमच्याकडे देते, तुम्ही तुमचा टाकता.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक असाल तर एक मजा बघायला मिळेल. पैसे हातात पडले की विक्रेती त्या नोटांनी सगळ्या मालावर टपटप टपटप मारत जाते, तोंडाने "हेंग, हेंग, हेंग" म्हणत. भवानीच्या पैशांना कपाळाला लावणारी आपली भाजीवाली आणि ही, दोघींची जात एकच.

५. भाव करताना

सासूबाई आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. साम्पेंगमध्ये एका गाळ्यावर जरीकाठाचे छोटे बटवे टांगलेले. एकाला 35 बाहत. मी पाच मिनिटं हसत-लाजत 30 वर आणायच्या खटपटीत. तेवढ्यात सासूबाईंनी वरच्या दांडीवरचा मोरपंखी बटवा बघितला आणि बोट दाखवून म्हणाल्या, "हा. हा दाखव." विक्रेतीने मान डोलावली, काठीने एकामागून एक पाच बटवे उतरवले, पिशवीत भरले आणि कॅल्क्युलेटर पुढे केला. 100.

थाई भाषेत "हा" म्हणजे पाच.

मला पाचाचे शंभर दिसले तेव्हा उजेड पडला. एक 35 ला, पाच 20 ला. मी तोंडाने पाच बाहत कमी करत होते आणि सासूबाईंनी मराठीत बोलून नगामागे पंधरा कमी केले. त्या दिवसापासून मी "कमी होईल का" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर टाकला. पहिला प्रश्न, "तीन घेतले तर?"

तीन म्हणजे "साम". प्रातुनाम आणि साम्पेंगमध्ये बहुतेक गाळ्यांवर दोन भाव असतात, किरकोळ आणि घाऊक. घाऊक बऱ्याचदा तीन नगांपासून सुरू होतो. पाटीवर जो मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो तो घाऊक भाव. तो वाचून एकच टी-शर्ट उचललात आणि जास्त पैसे मागितले, तर तुम्हाला फसवलेलं नाही. काही ठिकाणी तीनही नग एकाच डिझाइनचे लागतात, काही ठिकाणी गाळ्यावरचं काहीही मिळून तीन चालतं. हे विचारून घ्या. एकटे असाल तर सोबत आलेल्यांची खरेदी एकत्र करा. आमच्या ग्रुपने एकाच गाळ्यावर सात पँटी घेतल्या, प्रत्येकीने वेगळा रंग, पैसे एकीने दिले.

एकच वस्तू हवी असेल तर? तर दहा-वीस टक्के सुटतात, कधी तेही नाही. दीडशेची पँट एकशेवीसला मिळाली तर घ्या आणि पुढे चला. पर्यटकांनी गजबजलेल्या ठिकाणी, विशेषतः पातपोंगच्या रात्रीच्या बाजारात, सुरुवातच दुपटी-तिपटीने होते. तिथे मोठा आकडा खाली आणावाच लागतो. पण तो अपवाद आहे आणि तिथे घेण्यासारखं फारसं काही नसतं, असं माझं मत.

आता दोन गोष्टी अजिबात करू नका. तुम्ही आकडा टाकला आणि तिने "ओके" म्हटलं, की वस्तू घ्यायचीच. तिथून "बघते, येते" म्हणणं फार वाईट दिसतं. आणि आवाज चढवू नका. आपल्याकडे चढा आवाज हा भावातलाच भाग असतो, राग नसतो. इथे तो रागच समजतात. विक्रेती भांडत नाही, फक्त कॅल्क्युलेटर खाली ठेवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. मी एकदा "काल तर शेजारी शंभरला होतं" असं जरा ठसक्यात ऐकवलं होतं. तिने अत्यंत गोड हसून शेजारच्या गाळ्याकडे हात दाखवला.

नोट खाली पडली तर उडू नये म्हणून तिच्यावर पाय देऊ नका. तिच्यावर राजाचं चित्र आहे, आणि तिथे हा विषय गंभीर आहे. संध्याकाळी ६ ला राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळा बाजार जागच्या जागी उभा राहतो. तुम्हीही उभे राहा, भाव अर्धवट राहिला तरी.

६. कपडे घेताना मापपट्टी काढा

"फ्री साइझ" हा शब्द तिथल्या बारीक मुलींसाठी आहे. आपल्याकडचं एल तिथलं एक्सएल, कधी डबल एक्सएल. ट्रायल मिळत नाही आणि माल परत घेत नाहीत. म्हणून घरून निघताना छाती, कंबर, खांदा आणि उंची यांची मापं इंचांत लिहून न्या. कपडा पसरून मोजा, छातीचं अर्धं माप दुप्पट करा. माझी मोठी जाऊ मापपट्टी काढायला लाजली आणि तिने अंदाजाने घेतलेले चार टॉप आता भाची वापरते.

शिलाई उलट करून बघा, चेन दोनदा ओढून बघा. रंग पक्का आहे का ते बघायला ओल्या टिश्यूने आतली शिवण चोळा. विक्रेत्या याला काही म्हणत नाहीत. पिशवीत भरताना तुम्ही निवडलेला नगच जातोय ना, तेही बघा. लबाडी म्हणून नव्हे, त्या मागच्या गठ्ठ्यातला न उघडलेला नग देतात आणि त्यात एखादा डागाळलेला निघतो.

७. फळं, खाणं

चिरलेली फळं, नारळाचं आइस्क्रीम, नूडल्स यांचा भाव करत नाहीत. पाटीवर असेल तो द्यायचा.

पण फळवाल्याच्या पाटीवर एक मेख असते. लिची किंवा सोललेल्या फणसाच्या गऱ्यांवर "20" लिहिलेलं दिसतं आणि आपण किलोचा भाव समजून दोन किलो भरतो. पुष्कळदा तो भाव "खीत"चा असतो. एक खीत म्हणजे 100 ग्रॅम. किलोला ते "लो" म्हणतात. तराजूवर टाकण्याआधी बोट दाखवून विचारा, "खीत? लो?"

शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली पाटी शोधा. तिथे "जे" जेवण मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. बाकीकडे भाजी नुसती दिसली तरी त्यात माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, असतंच असं धरून चाला.

८. फसगतीच्या जागा

राजवाड्याच्या आसपास कुणी नीटनेटका माणूस इंग्रजीत सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, सण आहे. वीस बाहतमध्ये टुकटुक तुम्हाला देवळं दाखवेल." राजवाडा सहसा बंद नसतो. ते टुकटुक रत्नांच्या नाहीतर सूटच्या दुकानात जाऊन थांबतं. "सरकारी सवलत, आजचा शेवटचा दिवस" असं म्हणून माणिक-नीलम गळ्यात मारतात. बाजारात रत्नं घेऊ नका, इतकं साधं आहे. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

ई-सिगारेट उघड्यावर विकायला दिसतील. थायलंडमध्ये त्यांवर बंदी आहे आणि आपल्याकडेही 2019 पासून आहे. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगा.

बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातलं छोटं ताईत चालतं, दिवाणखान्यात ठेवायची मूर्ती नाही. विकणारा हे सांगणार नाही.

टॅक्सीत पिशव्या टाकण्याआधी "मीटर?" विचारा. पिशव्या दिसल्या की ठोक भाव सांगतात.

९. सामान बांधताना

रोपं, बिया, ऑर्किड घेऊ नका, आपल्या विमानतळावर अडवतात. बामच्या आणि तेलाच्या बाटल्या हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर चालत नाहीत, मोठ्या बॅगेत घाला, झाकणावर चिकटपट्टी मारून. किती रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणता येतो ते निघण्याआधी भारतीय कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा, आणि एकाच डिझाइनचे तीस टॉप आणत असाल तर ते "घरच्यांसाठी" आहेत असं तिथे सांगायच्या भानगडीत पडू नका.

चिनी मातीची भांडी घेतलीत तर हत्तीच्या पँटींत गुंडाळा. चतुचकमध्ये परदेशी माल पाठवणारे आहेत, पण चार बशांसाठी ते परवडत नाही. शेवटच्या दिवशी काही घ्यायचं ठेवू नका. हॉटेलच्या काउंटरवर वजनकाटा मागा, बहुतेक जण देतात, आणि आदल्या रात्रीच बॅग त्यावर ठेवून बघा.